थर्मास चहाच्या डोंगरावर जातो

मी थर्मास. हसू नका, थर्मासलाही तोंड असतं, आणि माझं तर दिवसातून तीसचाळीस वेळा उघडायचं. बाहेरून स्टीलचं अंग, आत काचेचं पोट, तोंडाला बूच आणि त्यावर कपासारखं झाकण. डाव्या कुशीत एक पोचा आहे. भरल्या पोटी तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यानं गडगडत गेलो होतो, त्याची ती खूण. काच मात्र फुटली नाही. तेव्हापासून मावशी मला "चिवट मेला" म्हणायच्या, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडायचं.

माझ्या जन्माचं विशेष काही सांगण्यासारखं नाही. कारखान्यात एकाच दिवशी आम्ही शेकड्यांनी जन्मलो आणि खोक्यांत बसून चहूकडे पांगलो. माझ्या नशिबी एक चार मजली कचेरी आली. जिन्याखालच्या खोलीत एक शेगडी, एक नळ, बत्तीस कप आणि मावशी. मावशी तिथे चहा करायच्या. त्यांना दुसरं कुठलं नाव होतं का, ते कचेरीत कुणी विचारलंच नाही.

बत्तीस कप म्हणजे बत्तीस माणसं. ज्याचा कप त्याचा. कुणाचा कान तुटका, कुणावर निळी रेघ, पण बरेचसे सारखेच, पांढरे. म्हणून मावशींचा एक नियम होता. टेबलांच्या ओळीनं कप उचलायचे, त्याच ओळीनं धुवायचे, त्याच ओळीनं पालथे घालायचे. कपाखाली कुणी चिठ्ठी ठेवलेली असायची, "आज नको" किंवा "पाहुणे दोन". त्या चिठ्ठ्याही त्याच ओळीनं डाव्या अंगठ्याखाली जायच्या. एकोणतीस वर्षांत एकाचा कप दुसऱ्याकडे गेला नाही. पुढे तर डोळे मिटूनही त्यांचे हात ते काम करू शकले असते.

आता माणसं चहा कशी पितात ते माझ्याकडून ऐका. डोळे कागदावर आणि हात कपाकडे. "ठेवा" म्हणतात, तेही कागदालाच. एकदा घाईगडबडीत मावशी साखर घालायलाच विसरल्या. दुसऱ्या मजल्याचा जिना चढताना लक्षात आलं, पण तोवर पहिला मजला चहा पिऊन मोकळा! कुणी हूं की चूं केलं नाही. मावशी रिकामे कप घेऊन खाली आल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. "चिवट्या," त्या मला म्हणाल्या, "अरे, कुणाला कळलंसुद्धा नाही." त्या दिवशी त्यांच्या मनात जो किडा शिरला तो काही गेला नाही.

मग कचेरीत बटण दाबायचं यंत्र आलं आणि मावशींना निरोप मिळाला. साहेबांनी भाषण केलं, म्हणाले, "मावशींनी आपल्याला नेहमी वेळेवर चहा दिला." वेळेवर! आगगाडीबद्दल बोलतात तसं. भेट म्हणून चहाच्या डोंगरावरच्या एका दिवसाच्या सहलीची दोन तिकिटं दिली. मावशींनी मला सोबत घरी आणलं, ओट्यावर ठेवलं आणि विचारलं, "एकोणतीस वर्षं आपण चहा केला रे, की नुसतं पाणी उकळलं?" मी काय बोलणार? माझं बूच घट्ट होतं.

सहलीसाठी मावशींची धाकटी बहीण आदल्या रात्रीच मुक्कामाला आली. ती कॉफीवाली, चहाला तोंड न लावणारी. पहाटे मावशी मला भरताना बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ताई, चहाच्या डोंगरावर चहा घेऊन निघालीस? उद्या समुद्रावर बादलीभर पाणी घेऊन जाशील!"

"वाटेत मिळेल तो कुणी कसा केलेला असेल, कोण जाणे," मावशी म्हणाल्या आणि बूच दाबलं.

छोटी बस होती. पुढे गाईड मुलगी उभी, गळ्यात शिट्टी, हातात पिवळी छत्री. नोकरीला लागून महिनाच झाला होता, म्हणून पाठ केलेलं सगळं एका दमात सांगत होती. बागेत पानंफुलं तोडायची नाहीत, कारखान्यात कशालाही हात लावायचा नाही. "कशालाही म्हणजे कशालाही," ती म्हणाली, "नाहीतर आमच्या सहली बंद करतील हो ते." सगळ्यांनी माना हलवल्या. मावशींनी तर दोनदा हलवली.

आणि मग एक वळण संपलं.

"अगंबाई!" मावशी म्हणाल्या. मी त्यांच्या मांडीवर, जाळीच्या पिशवीत. मलाही दिसलं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत अख्खा डोंगर हिरवा, आणि त्यावर ओळीच ओळी, कुणी सावकाश कंगवा फिरवल्यासारख्या. त्याच्यामागे आणखी एक डोंगर तसाच, त्याच्यामागे आणखी एक. मध्येच ढग यायचा, डोंगर झाकायचा आणि पुन्हा उघडून दाखवायचा. धाकटी खिडकीला नाक लावून बसली. मी तर आजवर चहा म्हणजे डब्यातली काळी भुकटी, एवढंच जाणत होतो. माझ्या पोटातून इतकी वर्षं जे गेलं ते आधी हिरवं होतं, वाऱ्यावर हलत होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी अक्षरशः थक्क झालो.

बागेत उतरल्यावर मावशी एका झुडपाशी गेल्या आणि दोन बोटांनी हलकेच पान चाचपलं. पाठीवर टोपली घेतलेली एक बाई शेजारी खुडत होती. दोन पानं आणि एक कळी, दोन पानं आणि एक कळी. दोन्ही हात चालू आणि नजर भलतीकडेच. गाईड सांगत होती, "साडेचार किलो पानांचा एक किलो चहा होतो." मावशींनी मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, "म्हणजे मी किलोभर चार दिवसांत संपवायचे, तेवढ्यासाठी पानं तुम्ही किती वेळ वाकून काढता, बाई! हात दुखत नाहीत?"

"दुखतात की," ती म्हणाली. "पण घरी गेल्यावर."

"माझेही घरी गेल्यावरच," मावशी म्हणाल्या. दोघींनी एकमेकींचे हात पाहिले. तिची बोटं पानांच्या रसानं काळी पडलेली, मावशींची वाफेनं भाजलेली.

पुढे एक उंच झाड होतं, दुमजली घराएवढं. गाईड म्हणाली, "हासुद्धा चहाच. छाटला नाही तर एवढा होतो. बाकीची झुडपंही याच वयाची आहेत, शंभराच्या घरातली. सारखी खुडतात, छाटतात म्हणून कमरेएवढी राहिलीत." मावशींनी मान मागे टाकून शेंड्यापर्यंत पाहिलं. किती वेळ पाहत होत्या! शिट्टी तीनदा वाजवावी लागली.

मग कारखाना. लांबच लांब जाळ्यांवर कोमेजत ठेवलेली पानं, त्यांना पिळणारी यंत्रं, आणि पिळलेली हिरवी पानं बघता बघता तांबूस होताना. तो वास! मावशींनी डोळे मिटून घेतला. "हा माझ्या खोलीतला वास," त्या म्हणाल्या, "पण लहानपणीचा."

शेवटी चव घेण्याची खोली. लांब टेबलावर पांढऱ्या कपांची रांग, प्रत्येकापुढे कोऱ्या पत्र्याची डबी आणि डबीला टेकलेली आकड्याची चिठ्ठी. तिथे चाखणारे साहेब होते. उंच, जरा पोक आलेले, पांढरा एप्रन घातलेले आणि मितभाषी. त्यांनी चमच्यात चहा घेतला आणि "फुर्रर्र" असा ओढला की धाकटी दचकली. तोंडात घोळवला आणि पिचकन शेजारच्या बादलीत थुंकला.

"चहा थुंकतात?" मावशींना अगदी लागलं ते.

"दिवसाला तीनशे कप चाखतात मावशी," गाईड म्हणाली. "गिळायला लागले तर कसं व्हायचं?"

चार कप चाखून साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि सगळ्यांना खिडकीशी नेलं, खाली पेट्या कशा भरतात ते दाखवायला. मावशी मागे राहिल्या. त्यांच्यासमोर टेबल, आणि टेबलावर अर्धवट प्यालेले कप. आता मी काय सांगू! मला दिसत होतं काय होणार ते, पण बूच घट्ट. मावशींचे हात सुटले. कप बादलीत रिकामा, कपात कप, चिठ्ठी अंगठ्याखाली, डबी बाजूला, रुमालानं टेबल साफ. एकोणतीस वर्षांची सवय, तिला डोळे कुठून असणार?

"मावशी! काय केलंत हे!" गाईड किंचाळली.

मावशी भानावर आल्या. हातात अकरा कपांची चळत.  साहेब धावत आले. "अहो, आज माल निघायचाय! कुठली डबी कुठल्या मालाची, सांगणार कोण आता? सगळ्या सारख्या!" गाईडच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"रागावू नका," मावशी अगदी हळू म्हणाल्या. "मी ओळीनं उचललंय."

आणि त्यांनी डावीकडून सुरुवात केली. डबी, तिची चिठ्ठी, कप. डबी, चिठ्ठी, कप. हात एकदाही अडले नाहीत. अकरा जागच्या जागी. साहेबांचा कसला विश्वास बसतोय! त्यांनी पाणी उकळून पहिले चार पुन्हा भिजवले, घड्याळ लावलं आणि वही उघडून चाखायला लागले. पहिला. दुसरा. तिसऱ्याला थांबले. "धुरकट," म्हणाले. वहीत तिसऱ्यापुढे तेच लिहिलं होतं. चौथाही जुळला. साहेबांनी चमचा खाली ठेवला. गाईडचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही.

"तुम्ही काय करता, मावशी?"

"चहा करते. म्हणजे, करायचे."

साहेबांची नजर माझ्यावर आली. "यात आहे?"

"छे छे, तो साधाच हो. दूधसाखरेचा. पहाटेचा," मावशी मला पाठीमागे लपवू लागल्या. साहेबांनी नुसता हात पुढे केला.

बूच उघडलं. मावशींनी माझ्या झाकणात चहा ओतला. ज्या प्रश्नाचं उत्तर त्यांना एकोणतीस वर्षांत मिळालं नव्हतं, ते आता या माणसाच्या तोंडात होतं. फुर्रर्र! साहेबांनी डोळे मिटले. चहा इकडून तिकडे घोळला. आम्ही सगळे बादलीकडे बघत होतो.

साहेबांनी तो गिळला.

"पाणी एकदाच उकळलंय," ते डोळे मिटूनच म्हणाले. "उकळलेलं पुन्हा तापवलेलं नाही. पावडर साधी आहे, पण तिला शिजवून मारलेलं नाही, झाकून ठेवलीय. साडेतीन मिनिटं?"

"दोनशेपर्यंत मोजते."

"दूध वेगळं तापवलंय. थर्मासच्या बुचाचा वास लागलाय." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "आणि साखरेला हात आखडलाय. चुकून नाही, मुद्दाम."

मावशी म्हणाल्या, "शेवटच्या टेबलावर एक भाऊ होते, त्यांना साखर चालायची नाही. त्यांचा वेगळा केला असता तर चारचौघांत वाईट वाटलं असतं. म्हणून मग सगळ्यांचीच कमी करत आणली. थोडी थोडी. कुणालाच कळलं नाही."

"मला कळलं," साहेब म्हणाले, आणि झाकण पुढे केलं. "अजून आहे?"

मावशी रडल्या. ज्या रुमालानं टेबल पुसलं होतं त्यानंच डोळे पुसले, तेव्हा धाकटी रडतारडता हसली. मग तिनंही एक घोट मागितला, कॉफीवालीनं!

"सव्वीस वर्षांत या खोलीत मी गिळलेला हा पहिला चहा," साहेब म्हणाले. मावशींनी तिथल्याच शेगडीवर त्यांना चहा शिकवला. दोनशेपर्यंत मोठ्यानं मोजायला लावलं, आणि तो माझ्यात भरला. खाली बसचा भोंगा वाजायला लागला. धाकटीनं मला उचललं, तर मावशींनी तिच्या हातातून घेऊन मला परत टेबलावर ठेवलं.

"राहू दे इथे. घरी मी एकटी, एका कपाला थर्मास कशाला?" माझ्या पोच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. "चिवट आहे मेला. सांभाळा." आणि मागे वळून न बघता जिना उतरल्या.

तेव्हापासून मी या खिडकीत आहे. रोज समोर डोंगर, रोज तो ढग, आणि अजूनही सकाळी पहिल्यांदा दिसला की माझी काच शहारते. दुपारी चारला साहेब मला भरतात, पानं खुडणाऱ्या बायकांना आणि गाईडला स्वतः नेऊन देतात आणि समोर उभे राहतात. "कसा झालाय?" विचारतात. उत्तर येईपर्यंत हलत नाहीत.

तुमच्याकडेही कुणीतरी चहा आणून ठेवत असेल. कागद जरा बाजूला ठेवा आणि मान वर करा. एवढंच मागणं आहे, फार नाही.

परवा सफाईच्या बाई माझं बूच सोड्याच्या पाण्यात बुडवायला निघाल्या होत्या. म्हणाल्या, याला जुना वास येतो. साहेब चाखता चाखता उठून आले आणि त्यांनी बूच काढून घेतलं.

"ते असू दे," ते म्हणाले. "तो वास मावशींच्या हातचा आहे."