कालच्या तेलाची पळी

धाकट्या दिराचं लग्न झालं त्याच वर्षी सासऱ्यांच्या छातीत कळ आली. ते इस्पितळातून घरी आले त्या सकाळी दुकानामागच्या खोलीत तीन शेगड्यांवर तीन लहान कढया चढल्या होत्या. थोरलीची मोठी कढई घासूनपुसून भिंतीला पालथी लावून ठेवली होती. आपल्या अंथरुणावर परकं माणूस झोपलेलं दिसावं, तशी थोरली त्या लहान कढयांकडे बघत होती.

“ही सरकीच्या तेलाची, ही सूर्यफुलाची आणि ही शेंगदाण्याची,” धाकटी सांगत होती. लग्न होऊन तिला पुरते दोन महिनेही झाले नव्हते. “चकत्या एकाच बटाट्याच्या आहेत. खाऊन बघा नि सांगा.”

“त्यात बघायचं काय? तेल ते तेल,” थोरली म्हणाली. “तळणाऱ्याचा हात लागतो.”

“हात तर लागतोच, ताई. पण तेलानं ताप सोसायला हवा. दिवसभर शेगडीवर असतं ना ते.”

थोरलीच्या नवऱ्याने तिन्ही चकत्या एकदम तोंडात कोंबल्या आणि तिन्ही चांगल्या आहेत म्हणून सांगितलं.

“तुम्हाला चप्पल तळून दिली तरी चांगलीच लागेल,” थोरली म्हणाली.

धाकटी हसली. थोरलीला तेही आवडलं नाही. विनोद आपला, आणि हसून चांगली दिसते ती!

बसडेपोच्या फाटकासमोर त्यांचं तळणाचं दुकान होतं. सासऱ्यांनी हातगाडीवरून सुरू केलेलं. सकाळी बटाट्याच्या चकत्या, दुपारी मासे, संध्याकाळी जे उरेल ते. थोरली या घरात आल्यापासून कढई तिची होती. घट्ट पांढरं वनस्पती तूप तिच्यात वितळायचं, आणि कमी झालं की वरून भर पडायची. पूर्ण रिकामी अशी ती कधी झालीच नाही. ड्रायव्हर लोक म्हणायचे, या कढईचा तळ देवानेही पाहिला नसेल. आणि तरीही रांग तिच्याचसाठी लागायची.

दुकानाची एक रीत होती. पहिल्या घाण्यातली पहिली चकती सासऱ्यांची. ते डोळे मिटून चावायचे आणि “हं” म्हणायचे. तेवढं म्हटलं की फळी उघडायची. इतक्या वर्षांत त्यांनी थोरलीला दुसरा शब्द दिला नव्हता. पण तो एक “हं” तिला दिवसभर पुरायचा.

आता डॉक्टरांनी ते तूप बंद केलं होतं, आणि पुन्हापुन्हा तापवलेलं तेलही. आणि कुठलं तेल, किती तापवायचं, कधी बदलायचं, हे सगळं धाकटीला ठाऊक होतं, कारण लग्नाआधी ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. थोरलीने तिचं नाव तेव्हाच ठेवलं, ‘आमचं इस्पितळ’.

सासऱ्यांनी तिन्ही कढयांतली एकेक चकती खाल्ली आणि शेंगदाण्याच्या कढईकडे बोट केलं.

“महिनाभर सूनबाईला तळू दे,” ते म्हणाले. “माझ्या घशाखाली गेलं तर कढई तिची. नाहीतर थोरली आहेच. पण ते तूप नको.”

सूनबाई! थोरलीच्या कानात तो शब्द गरम तेलाच्या थेंबासारखा पडला. तिला ते ‘थोरली’ म्हणायचे, नाहीतर नुसतं ‘अगं ए’.

त्या दिवसापासून थोरली मागच्या ओट्यावर बटाटे चिरायला बसली. खिडकीजवळची वाऱ्याची जागा धाकटीची झाली, उंच स्टूल धाकटीचं झालं. थोरली चिरता चिरता कानाने कढई ऐकायची. चकती पडल्याचा आवाज ऐकूनच तिला कळायचं, तेल अजून तापलेलं नाही, किंवा आता काढायला हवं. ती बोलायची नाही. चुकू दे की!

आणि धाकटी चुकतही होती. तेल रोज नवं, स्वच्छ, पाण्यासारखं निर्मळ. चकत्या मात्र आजाऱ्यासारख्या फिकट. कुरकुरीत होत, पण रंग धरत नसत. सासरे चावायचे आणि गिळायचे. “हं” यायचं नाही. फळी मग उगाच उघडल्यासारखी उघडायची.

“काय हो, दुकानालाही इस्पितळात घातलं काय?” एका ड्रायव्हरने विचारलं. थोरलीने पदरात तोंड लपवून हसून घेतलं. घरी भाजी आळणी झाली तरी त्या रात्री तिला ती गोड लागली.

पण महिना सरत आला तसा तिचा जीव वरखाली होऊ लागला. सासरे “हं” म्हणत नव्हते, पण नकोही म्हणत नव्हते. ही पोरगी शिकली तर? आजचं फिकट उद्या सोनेरी झालं तर? मग जन्मभर बटाटेच चिरायचे.

रोजचं उरलेलं तेल धाकटी गाळून एका डब्यात ओतायची. साबणवाला ते घेऊन जायचा. एका सकाळी धाकटी पाणी भरायला मागे गेली असताना थोरलीने त्या डब्यातलं पळीभर तेल तिच्या नव्या तेलात ओतलं. वर डावाने ढवळलंही. तिचा हिशोब सरळ होता. तेलाला शिळा वास येईल, सासरे चकती थुंकतील, आणि उष्टं तेल घातलं म्हणून इस्पितळाची इस्पितळी उतरेल.

पहिला घाणा पडला. चिरता चिरता थोरलीचा हात थांबला. आवाज वेगळा होता. ओळखीचा होता.

चकत्या वर आल्या त्या कडेकडेने तांबूस, मधे सोनेरी. सासऱ्यांनी एक उचलली, डोळे मिटले, चावली. मग दुसरी उचलली.

“आता जमलं, सूनबाई,” ते म्हणाले. “आता जमलं बघ.”

एवढे शब्द! थोरलीच्या बोटाला सुरी लागली. बोट तोंडात धरून ती बसून राहिली, आणि बसल्या बसल्या तिला दुसरंही कळलं, जे कळलं नसतं तर बरं झालं असतं. नव्या कोऱ्या तेलात चकतीला रंग चढत नाही. त्याला थोडं कालचं तेल लागतं. आजवर हाताची म्हणून जी चव तिने मिरवली, तिच्यातला अर्धा वाटा त्या कधीही न रिकाम्या झालेल्या कढईचा होता. उरलेला अर्धा तरी आपला, असं तिने स्वतःला सांगितलं, पण ते नीटसं पटलं नाही.

कढई धाकटीची झाली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने पळी ओतली नाही. चकत्या पुन्हा फिकट. धाकटीने आच वाढवून पाहिली, कमी करून पाहिली, चकत्या पातळ केल्या. कपाळावरचा घाम पुसत ती म्हणाली, “ताई, काल काय केलं होतं मी?”

“मला काय विचारतेस? तुझा हात, तुझं तेल.”

सासऱ्यांनी बशी सरकवली. दुपारी जेवले नाहीत, संध्याकाळीही भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. धाकटा दीर गिऱ्हाइकांसमोर बायकोवर खेकसला. थोरलीला हवं होतं ते हेच. तरी समोरच्या ताटात पडलेल्या त्या पांढुरक्या चकत्या तिला बघवेनात. धाकटीची दया आली नाही, बटाट्याची आली. इतका चांगला बटाटा, आणि त्याचं हे असं!

तिसऱ्या दिवशी धाकटी पाण्याला गेली आणि थोरली उठली.

मग ते रोजचंच झालं. स्वतःच्या हाताने रोज ती सवतीला शृंगारावं तशी धाकटीच्या कढईत आपली पळी ओतायची, आणि “जमलं, सूनबाई” ऐकत खाली मान घालून चिरत राहायची. रांग पुन्हा लागली. डेपोतल्या बायका आपल्या सुनांना धाकटीचा दाखला देऊ लागल्या. “तुमची जाऊ म्हणजे लक्ष्मी हो!” एकीने थोरलीला सांगितलं.

“हो ना,” थोरली म्हणाली. “आणि मी तिची केरसुणी.”

एका सकाळी ती डब्याकडे गेली तर डबा रिकामा होता. साबणवाला आदल्या संध्याकाळीच येऊन गेला होता. थोरली मागे वळली तर तिच्याच ओट्यावर, तिच्या सुरीजवळ, एक वाटी होती. वर झाकण. आत पळीभर तेल, दोनदा गाळलेलं, तळाला एक कणही नाही.

धाकटी दारात उभी होती. हातात पाण्याची बादली. आज ती लवकर परतली होती.

“झाकून ठेवलंय, ताई,” ती म्हणाली. “धूळ बसते.”

“कशाला ठेवलंस?”

“एकदाच तापलेलं आहे, जळू दिलेलं नाही. पळीभर चालतं. त्याहून जास्त नका घालू, मामंजींना बरं नाही.” तिने बादली दुसऱ्या हातात घेतली. “माझ्या हातून ते प्रमाण साधत नाही.”

एवढं बोलून तिने बादली खाली ठेवली आणि ती मीठ आणायला आत गेली.

थोरलीने वाटी कढईत रिती केली. आता मोठेपणही हिच्याच पदरात पडलं, असं तिच्या मनात आलं आणि तिचा असा संताप झाला की त्या दिवशी तिने दुप्पट बटाटे चिरले.

पुढे त्यांच्यात यावर कधी बोलणं झालं नाही. वाटी रोज असायची, झाकलेली. धाकटीला दोन मुलं झाली, सासऱ्यांच्या डोळ्यांत फूल पडून त्यांना दिसेनासं झालं, त्यांची आठवण विरत गेली. पण पहिली चकती आणि “जमलं, सूनबाई” चुकलं नाही. आणि थोरलीच्या पोटातली आगही विझली नाही. धाकटी आजारी पडली, तिच्याच त्या जुन्या इस्पितळात तिला ठेवलं, तेव्हा तिच्या उशाशी बसूनसुद्धा थोरलीने पाहिलं की भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्याच तळणाची आठवण काढतो.

“वाटी कोण ठेवतं हो?” धाकटीने एकदा विचारलं.

“मीच ठेवते, मीच ओतते,” थोरली म्हणाली. “तू पडून राहा गुपचूप.”

दुकान काही दिवस बंद होतं. उघडलं त्या सकाळी थोरली खिडकीजवळच्या स्टुलावर बसली. शेंगदाण्याचं नवं तेल, त्यात कालच्या तेलाची एक पळी. दुकान बंद असलं तरी आदल्या दिवशी घरच्यापुरती कढई चढली होती. पहिली चकती तिने सासऱ्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी डोळे मिटले, तसे ते आता मिटल्यासारखेच होते, आणि सावकाश चावलं.

“जमलं, सूनबाई,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. “उठलीस? बरं वाटतंय ना आता?”

धाकटी गेल्याचं त्यांना सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.

थोरलीने कढईकडे पाहिलं. चकत्या रंगावर आल्या होत्या, काढायला हव्या होत्या.

“उठले, मामंजी,” ती म्हणाली. “अजून एक देऊ?”

धाकटी वारली ती थोरलीच्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी, थंडी सरता सरता, एका मंगळवारी सकाळी.