दोन मतं हवी होती

मी अकोल्याच्या दवाखान्यातलं राखीव यंत्र बोलतोय. मला शोधू नका, मला अंगच नाही. सर्व्हरच्या एका लोखंडी पेटीत आम्ही सात आभासी यंत्रं राहतो आणि प्रत्येकाला वाटतं, पेटी आपलीच!

माझा जुळा भाऊ अमरावतीच्या शाखेत. रोग्यांच्या नोंदी तो सांभाळायचा आणि क्षणाक्षणाला मला नक्कल पाठवायचा. तो पडला की मी उभं राहायचं, एवढ्याचसाठी माझा जन्म.

पण दोघांनी एकदम कारभार हाकला तर एकाच रोग्याची दोन निरनिराळी पानं होतील. म्हणून तिसरं यंत्र साक्षीदार नेमलं. तिघांपैकी दोन मतं जुळल्याशिवाय कुणी कारभार घ्यायचा नाही. आमची देखभाल करणाऱ्या मुजम्मिलने साक्षीदार ठेवला तो भावाच्याच शेजारी. म्हणे, "तिथची लाइट जात नाई."

त्या साली बोंडअळीने कपाशी गिळली आणि अमरावतीजवळच्या वलगावचे शालिकराम मजुरीला अकोल्यात आले. एका शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटताना खुंट पायात घुसला. पाय सुजला, ताप चढला, शुद्ध हरपली. बायको माणिकबाई त्यांना घेऊन आल्या. नेमकी त्याच सकाळी अमरावतीची यंत्रांची खोली जळाली. भाऊ गेला, साक्षीदारही गेला.

"अमरावतीले एका सुईनं मरता मरता वाचले होते हे," माणिकबाई म्हणाल्या. "नाव आठोत नाई. कॉम्प्युटरात लाल अक्षरानं लिवलं हाय म्हने."

नर्स अफसानाने नाव टाकलं. "थांबा मावशी, उघडूनच नाई राहिलं."

ते लाल अक्षर माझ्यापाशी होतं हो! पण पान दाखवायलाही कारभार हातात हवा आणि माझं मत एकच. नियम मोडायची सोयच माझ्यात नव्हती. माणसाने हुकूम दिला तर जमलं असतं, पण मुजम्मिल अचलपूरच्या एसटीत आणि फोन लागेना. डॉक्टरांनी अर्धा तास वाट पाहिली. ताप उतरेना. शेवटी त्यांनी सुई दिली. नेमकी तीच.

तासाभराने मुजम्मिलचा हुकूम आला. मी उभा राहिलो. अफसानाने मघाशी टाकलेलं नाव पडद्यावर तसंच होतं, त्याखाली पान उघडलं. लाल अक्षरं बघून माणिकबाईंनी विचारलं, "आता काहून दाखोते हे?"

अफसाना रडू लागली. मला तेही जमत नाही.

कुणी ऐकत असेल तर साक्षीदाराला वेगळ्या गावी न्या. मोर्शीला न्या, कुठेही न्या. अमरावतीच्या नवीन खोलीतही त्याला भावाशेजारीच बसवलंय.

त्या संध्याकाळी अफसानाने शालिकरामांच्या पानावर 'मृत' असं लिहिलं. ते मी लगेच साठवलं. भाऊ परत उभा राहिल्यावर त्यालाही पाठवलं. आता दोन्हीकडची नोंद अगदी सारखी आहे.