गोळी कोणाच्या हातची

माझा चंद्रभानमामा अफू खातो हे अख्ख्या आंजी गावाला माहीत आहे. आमच्या घरी मात्र त्याला 'मामाची तब्येत' म्हणतात. त्याचे दोन दोस्त, तानबाजी आणि रूपरावजी. दुपारी जेवणं झाली की तिघं आमच्या गोठ्यात बसतात आणि आपण किती अकलेचे आहोत हे एकमेकांना सांगतात.

त्या शनिवारी शाळा सकाळची होती. दप्तर घेऊनच मी गोठ्यात डोकावले, तर मामा कडब्यावर आडवा. ओठ जांभळे, घशात घरघर. एक श्वास आला, दुसऱ्याचा पत्ता नाही. आणि हे दोघं शहाणे भांडत बसलेले. अफूवाल्यांचा कायदा म्हणे असा, की ज्याच्या हातची गोळी त्यानंच माणूस उठवायचा. दुसऱ्यानं हात लावला तर पाप त्याच्या माथी. तानबाजी म्हणत रूपरावनं दिली, रूपरावजी म्हणत तानबानं. दोघांचे हात मांडीवर, अगदी सोवळ्यातले. मी डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणे पोलीस येतील, आधी ठरू तर दे. असल्या माणसांच्या मी दर दसऱ्याला पाया पडत आले.

"म्या देल्ली," मी म्हणाले.

तानबाजींचा जबडाच लोंबला. "तू? काऊन वं?"

"त्यानं मागतली, म्या देल्ली. आता मी सांगन तसं करा. तानबाजी, सायकल काढा, डॉक्टरले घेऊन या. अफू खाल्ली म्हणूनच सांगजा. रूपरावजी, मान मागं धरा."

कायदा तो कायदा. दहावीतल्या पोरीचं दोघांनी निमूट ऐकलं. शाळेत प्रथमोपचारात शिकवलं होतं तसं मी मामाचं नाक दाबलं आणि तोंडात श्वास फुंकत राहिले. तंबाखूचा असा भपकारा, की मलाच उठवायची वेळ आली असती. रूपरावजी मधेच मीठपाणी पाजू का म्हणाले. शुद्धीत नसलेल्याला पाणी? मी त्यांचे हात पुन्हा मानेवर ठेवले. डॉक्टर आले, त्यांनी सुई टोचली आणि जीपमध्ये घालून मामाला वर्ध्याला नेलं.

तिसऱ्या दिवशी मामा परतला. तोवर दोघांनी गावभर केलं होतं की गोळी भाचीच्या हातची. आईनं आधी लाटणं उचललं, मग खरं काय ते ऐकून खाली ठेवलं. मामाला मात्र खरं ऐकायचंच नव्हतं. खाटेवर बसून, फार मोठ्या मनानं मला म्हणाला, "जाऊ दे बाई. पहिल्यांदाच देल्ली तुनं, अंदाज चुकते मानसाचा. पुढच्या खेपेले हरभऱ्याहून लहान देजो."