टेबलावर फक्त पाच

"काकू, नव्याण्णव टक्के झालं!" झटपट ओरडली.

"हे तू सकाळी दहालाही म्हणाली होतीस," मी म्हटलं. "दीड वाजला. आधी जेव."

झटपट म्हणजे आमच्या परीक्षा कार्यालयातली नवी संगणक इंजिनियर. काहीही सांगा, "झटपट होईल" म्हणते, म्हणून हे नाव. पोरगी हुशार, पण त्या दिवशी तिचा चेहरा पार उतरला होता. पंचाऐंशी लाख मुलांनी परीक्षा दिलेली. विभाग तीनशे चाळीस, आणि प्रत्येक विभागातल्या पहिल्या पाच मुलांना निवासी शाळेत जागा. यादी पाचच्या आत शिक्षण खात्याकडे जायची होती.

साहेब दारात येऊन उभे राहिले. "नसेल जमत तर सरसकट पहिली सतराशे मुलं घेऊन टाकू. ती यादी तयार आहे."

माझं डोकंच फिरलं. सरसकट घेतली की सगळ्या जागा मोठ्या शहरांच्या घशात! डोंगराकडच्या विभागातून एकेचाळीस मुलं बसली होती. त्यांतलं एकही त्या सतराशेत येत नव्हतं. दिव्याखाली, शेजाऱ्यांची पुस्तकं मागून अभ्यास केलेली पोरं ही. सदतीस वर्षं मी या याद्या बघतेय, मला नाही सहन होत.

"साहेब, अजून साडेतीन तास आहेत."

"काकू, तुम्ही काय संगणकाला दम देणार?"

"वेळ पडली तर देईन."

साहेब हसत गेले. माणूस वाईट नाही, फक्त कटकट नको असते त्यांना.

मी खुर्ची ओढून झटपटशेजारी बसले. "हे बाई, करतंय तरी काय इतका वेळ?"

"विभागाप्रमाणे गठ्ठे करतंय. मग गठ्ठ्यातली सगळी मुलं मार्कांप्रमाणे लावतंय आणि वरची पाच उचलतंय. बाकीचे विभाग झाले. राजधानीचा अडकलाय. तिथली तीस लाख मुलं एकाच मशीनवर गेलीत, बाकीची पाच मशीनं नुसती बसून आहेत."

"पाच मुलांसाठी तीस लाख ओळीत लावतेस?"

"मग? लावल्याशिवाय पहिली पाच कळणार कशी?"

मला हसूच फुटलं. एवढं शिकलेली पोरगी! मी खणातून कोरी कार्डं काढली, त्यांवर मनाला येतील ते मार्क लिहिले आणि पाच कार्डं टेबलावर मांडली.

"आमच्या वेळी अशी कार्डं असायची. टेबलावर फक्त पाच. त्यातलं सगळ्यात कमी मार्कांचं आपल्या हाताशी. नवं कार्ड आलं की त्या एकाशीच ताडून बघायचं. कमी असेल तर नवं सरळ खोक्यात. जास्त असेल तर हाताशी असलेलं खोक्यात आणि नवं टेबलावर. मग पुन्हा जे कमी ते हाताशी. एक लाखावा नंबर कुणाचा, आपल्याला काय करायचंय?"

झटपट टेबलाकडे टक लावून बघत होती. "आणि राजधानीची खोकी? ती एकटीनं कशी उपसायचात?"

"एकटीनं कशाला? सहा जणी बसायचो. प्रत्येकीनं आपल्या खोक्यातली पाच काढायची. मग तीस कार्डं माझ्याकडे, त्यांतून मी पाच काढायची."

ती उभीच राहिली. "म्हणजे तीस लाख एका जागी पाठवायचीच नाहीत! प्रत्येक मशीननं आपापली पाचच पुढे द्यायची! काकू, मी गाढव आहे."

"आहेस. आता लिही."

पण चालू काम बंद करायला तिचा हात धजेना. "चार तास होत आलेत. कदाचित आत्ता होईल..."

"अगं, बंद कर म्हणते ना!"

तिनं डोळे मिटले आणि बटण दाबलं.

तिनं लिहिलेलं आधी डोंगराकडच्या विभागावर चालवून पाहिलं. मी एकेचाळीस मुलांचा कागद हातानं तपासला, तर पाचवं नाव जुळेना. दोघांना सारखे मार्क होते. आमचा नियम असा की बरोबरी झाली तर वयानं लहान त्याला जागा, आणि त्या दोघांतली मुलगी महिन्यानं लहान होती. मशीननं मात्र आधी आलं ते नाव ठेवलेलं. झटपटनं जीभ चावली, जन्मतारीख घातली आणि पंचाऐंशी लाख मुलं सोडली.

अकरा मिनिटं लागली. अकरा! पोरगी खुर्च्यांमधून नाचत सुटली आणि तिनं मला धरून गोल फिरवलं. साहेबांनी सव्वाचारला सही केली, वर म्हणतात कसे, "मला खात्री होतीच." असू दे.

लहान विभागांना निवडीचा फोन मीच करते. पहिला त्या पाचव्या मुलीच्या घरी लावला. बाईनं उचलला.

"तुमच्या मुलीची निवड झालीय. निवासी शाळेत जागा मिळालीय तिला."

"कुणाची? पुन्हा सांगा हो."

मी पुन्हा सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं, मी तिसऱ्यांदाही सांगितलं. मग फोन कुठेतरी आपटल्याचा आवाज आला आणि ती ओरडत पळाली, "अगं, ये आधी! तुझं नाव आलंय! अहो, ऐकलंत का?" दारं वाजली, भांडं पडलं, कुणी रडत होतं, कुणी मोठ्यानं हसत होतं, शेजारचीही माणसं जमली असावीत. माझं भान तिथे कुणालाच नव्हतं.

साहेब खुणेनं विचारत होते, काय झालं? मी त्यांना हातानंच थांबवलं आणि रिसीव्हर झटपटच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली. तिचे डोळे भरून आले.

पलीकडे फोन ठेवायचं कुणाला सुचलं नाही. आम्हीही ठेवला नाही.