मुतुआची चूक

माझे सासरे ज्ञानेश्वर देवतळे चौतीस वर्षं जंगलखात्यात होते. वनरक्षक म्हणून लागले आणि वनपाल म्हणून निवृत्त झाले. त्यापुढची बढती त्यांना मिळाली नाही आणि त्याचं कारण आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. एकदा कुण्या आमदाराच्या पाहुण्यांची जीप वाघिणीच्या मागे रस्ता सोडून आत शिरली. बाबांनी ती अडवली, गुन्हा नोंदवला आणि वरून फोन आल्यावरही कागद मागे घेतला नाही. महिन्याभरात त्यांची गडचिरोलीला बदली झाली. तीन वर्षं ते तिकडे, आणि सासूबाई नागपुरात दोन खोल्यांमध्ये साकेतला घेऊन एकट्या. साकेत, म्हणजे माझा नवरा, तेव्हा नऊ वर्षांचा होता.

मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. बाबांना आम्ही सहा महिन्यांसाठी इंग्लंडला, बेसिंगस्टोकला आणलं. साकेत इथल्या बिझनेस पार्कमधल्या एका आयटी कंपनीत आहे, मी कौन्सिलच्या हाउसिंग विभागात. आमची अन्वी अकरा वर्षांची. दिवसभर घर रिकामं असायचं. बाबा दुर्बीण घेऊन तळ्याकाठी जायचे, संध्याकाळी अन्वीच्या पुस्तकात बघून पक्ष्यांची इंग्रजी नावं पाठ करायचे. कंटाळा आला असं एकदाही म्हणाले नाहीत. साकेतलाच ते बघवेना. शाळेच्या ऑक्टोबरच्या हाफ-टर्म सुट्टीत त्यानं केनियाची ट्रिप बुक केली. एकूण पाच दिवसांची, त्यातले अडीच दिवस अंबोसेलीच्या नॅशनल पार्कात. बाबांना सांगितलं. आत जाऊन त्यांनी दुर्बिणीच्या काचा पुसल्या. मला वाटतं, त्या बापलेकांमधला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

तिथं आम्हाला मुतुआ नावाचा ड्रायव्हर मिळाला. तोच गाइड. पंचेचाळिशीचा, सावकाश बोलणारा. पहिल्याच सकाळी बाबांनी बाभळीवरचा एक निळा-जांभळा पक्षी त्याला दाखवला आणि आमच्याकडे याच्या भावाला नीलपंख म्हणतात, असं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. मुतुआनं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं. मग बाबा पुढं त्याच्या शेजारीच बसायला लागले. दोघंही मातीकडे बघत बोलायचे. कुठला माग जुना, कुठला ताजा, हत्तीचा कळप कोणत्या वेळी दलदलीकडे गेला असेल. मागच्या सीटवरून मी पाहत होते. बेसिंगस्टोकमध्ये आल्यापासून बाबा इतके बोलले नव्हते.

हत्ती भरपूर दिसले, झेब्रे दिसले, एकदा लांबवर झोपलेला सिंह दिसला. चित्ता दिसला नाही. अन्वीला चित्ताच पाहायचा होता, शाळेत तिला त्याच्यावर प्रेझेंटेशन द्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पार्कातल्या टेकडीवर डबे खायला थांबलो. तिथं गाडीतून उतरायला परवानगी असते. बाबा दुर्बीण घेऊन वर चढले. खाली साकेत मुतुआला एका बाजूला घेऊन काहीतरी बोलत होता. काय बोलत होता ते मला माहीत होतं. मी सँडविचचे कागद गोळा करत राहिले.

चारच्या सुमारास चित्तीण दिसली. रस्त्यापासून बरीच आत, दोन पिल्लं बरोबर. तिनं नुकतंच हरणाचं पाडस मारलं होतं आणि धापा टाकत त्याच्या शेजारी बसली होती. दुर्बिणीतून सगळं स्वच्छ दिसत होतं. मुतुआनं गाडी थांबवली आणि आरशातून मागं पाहिलं. साकेतनं भुवया उंचावल्या. मुतुआनं गाडी गवतात घातली.

बाबांना आधी वाटलं, तो वळवायला घेतोय. मग त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "नो. नो, मुतुआ. बॅक." मुतुआनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. आमच्यामागून आणखी तीन गाड्या आत आल्या, कारण एक गेली की सगळ्या जातात. वीस फुटांवरून अन्वीनं व्हिडिओ घेतला. चित्तीण उठली, शिकार सोडून चालायला लागली. एक पिल्लू तिच्यामागे गेलं, दुसरं बिचकून गाड्यांच्या मधे शिरलं. पक्ष्यानं चिवचिवाट करावा तसा त्याचा बारीक आवाज यायला लागला.

"हाक मारून राहिलं ते तिला," बाबा म्हणाले.

पाचेक मिनिटांत दोन तरस आले आणि पाडस ओढून घेऊन गेले. चित्तीण दूर उभी राहून आवाज देत होती. आम्ही निघालो तोपर्यंत ते पिल्लू तिच्यापर्यंत पोहोचलेलं नव्हतं. पुढं काय झालं ते आम्हाला कळलं नाही.

 परतताना गेटपाशी बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि रेंजरच्या ऑफिसात गेले. आम्ही पाठोपाठ गेलो तोवर त्यांनी कागद मागून घेतला होता. सरकारी परिपत्रकं वाचून शिकलेल्या इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात, त्यांनी गाडीचा नंबर, वेळ, जागा, ड्रायव्हरचं नाव लिहिलं. बाकीच्या तीन गाड्यांचे नंबरही लिहिले. खाली सही, आणि सहीखाली निवृत्त वनपाल, महाराष्ट्र.

रेंजर तरुण होता. त्यानं मुतुआला बोलावलं आणि आमच्यासमोर सरळ विचारलं, पाहुण्यांपैकी कुणी तुला रस्ता सोडायला सांगितलं का? मुतुआनं एकदा साकेतकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"नो, सर," तो म्हणाला. "माय मिस्टेक."

रेंजरनं साकेतला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे? साकेतनं मान हलवली, नाही म्हणून. मग रेंजरनं माझ्याकडे पाहिलं. मी अन्वीच्या डोक्यावरची टोपी नीट करत होते.

रात्री कॅम्पवर बाबा जेवले नाहीत. माणूस चांगला होता म्हणून जास्त वाईट वाटतंय, असं म्हणाले. पण लगेच असंही म्हणाले की इथं निदान कागद घेतात लोक, वाचतात, विचारतात. आमच्याकडे असं असतं तर. साकेत फोनमध्ये बघत होता. मला त्यानं नंतर सांगितलं की मुतुआशी त्याचं बोलणं झालंय, घरी पोहोचल्यावर तो सफारी कंपनीशी बोलून सगळं निस्तरणार आहे. दुसऱ्या दिवशी आम्हाला नैरोबीला सोडायला वेगळाच ड्रायव्हर आला.

घरी येऊन आठवडा झाला. कामं, शाळा, पाऊस. साकेतनं कंपनीला काही कळवलं नाही. मी एकदा आठवण केली, तो वीकेंडला करतो म्हणाला.

शनिवारी सकाळी अन्वी प्रेझेंटेशनसाठी व्हिडिओ निवडत होती. "आजोबा, तुम्ही बघ ना, माझा मैना किती छान आली," असं तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणत तिनं आयपॅड बाबांच्या मांडीवर ठेवला. टेकडीवर आमच्या गाडीच्या टपावर एक चकचकीत निळी मैना बसली होती, तिचा व्हिडिओ होता तो. मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते. मैनेच्या आवाजामागून साकेतचा आवाज स्पष्ट ऐकू आला. दोन दिवस झाले, चित्ता नाही, मुलगी काय झेब्र्याचे फोटो घेऊन घरी जाणार का? मुतुआचा आवाज, की सर, रस्ता सोडला तर पकडतात, लायसन्स जातं. आणि पुन्हा साकेत, हसत, "एव्हरीवन डझ इट. रिव्ह्यू मलाच लिहायचाय ना? इफ एनिथिंग हॅपन्स, आय विल टेक केअर ऑफ इट." 'रिव्ह्यू मलाच लिहायचाय ना' एवढं तो सवयीनं मराठीतच बोलून गेला होता आणि मग पुन्हा इंग्रजीत म्हणाला होता.

बाबांनी तो व्हिडिओ तीनदा लावला. अन्वीला वाटलं, त्यांना मैना फार आवडली.

साकेत जिमहून आला तेव्हा बाबांनी अन्वीला वर पाठवलं. आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, तू त्याला सांगितलं होतंस? साकेत आधी काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, सांगितलं होतं. पण तो प्रोफेशनल आहे, त्यानं नाही म्हणायला हवं होतं. नियम त्याला माहीत होते, मला नाही.

"नोकरीत असताना मी म्हटलं होतं नाही," बाबा म्हणाले. "त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे ना." साकेतनं पाण्याची बाटली ओट्यावर ठेवली. "तुम्ही गडचिरोलीत होतात, बाबा. तुम्हाला नाही माहीत. आईला टायफॉइड झाला तेव्हा मी शेजारच्या काकूंना उठवायला गेलो होतो. तिसरीत होतो मी. तेव्हाच ठरवलं होतं, आपण असलं काही करायचं नाही. उगाच सरळ वागून घरच्यांना भोगायला लावायचं नाही."

 बाबा म्हणाले, "तुझ्या आईचं मी देणं लागतो. ते मुतुआनं का फेडावं?"

 साकेत आंघोळीला गेला.

त्या दुपारी बाबांनी डायनिंग टेबलावर बसून त्या सफारी कंपनीला पत्र लिहिलं. पूर्ण चौकशी न करता मी तक्रार केली, ड्रायव्हरला माझ्या मुलानं भाग पाडलं, दोष आमचा आहे, त्या माणसाला कामावर ठेवावं. खाली स्वतःची सही केली आणि शेजारी साकेतच्या सहीसाठी जागा सोडली. साकेतनं पत्र वाचलं आणि खाली ठेवलं. आमचा सिटिझनशिपचा अर्ज ब्रिटिश गृहखात्याकडे होता. अशा वेळी परदेशात नियम मोडल्याचं लेखी कबूल करून ठेवायचं, हे त्याला वेडेपणाचं वाटत होतं. अर्जात असल्या गोष्टी कोण बघतं, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. पण कारण म्हणून ते पुरेसं होतं.

मग बाबांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. "ऋजुता, तू तर तिथंच होतीस. तू कर सही."

मला आजही ते टेबल दिसतं. पेन पत्रावर आडवं ठेवलेलं. मी सही केली असती तर साकेत चिडला असता, चार दिवस बोलला नसता, एवढंच. नोकरी जाणार नव्हती, घर जाणार नव्हतं. माझी कुणी बदली करणार नव्हतं.

"साकेतशी बोलून बघते, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी पत्राची घडी केली. एकट्याच्या सहीनं ते पाठवलं. त्याचा फोटो काढून कंपनीला मेल मीच केला. तेवढं तरी केलं, असं तेव्हा मी मनाशी म्हणाले होते. त्या रात्री साकेतनं अन्वीच्या आयपॅडवरून मैनेचा व्हिडिओ काढून टाकला. मी शेजारीच बसले होते.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. चार ओळींचं. आपल्या सूचनेबद्दल आभार, आमच्या कंपनीत नियमभंग खपवून घेतला जात नाही, संबंधित ड्रायव्हर आता आमच्याकडे नाही, पुढच्या बुकिंगवर आपल्याला खास सवलत मिळेल. पत्र त्यांनी नीट वाचलंही नव्हतं. ऑफिसमध्ये लंचला मी ते पाहिलं आणि घरी येईपर्यंत बसमध्ये काय सांगायचं ते ठरवलं.

बाबा दारातच विचारायचे, आलं का काही? त्या दिवशीही विचारलं. मी म्हटलं, आलं. ठेवलंय त्याला कामावर. ताकीद देऊन सोडलंय.

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. खुर्चीवर बसले. म्हणाले, मग त्याचा नंबर मिळेल का? मला त्याची माफी मागायची आहे. दोन शब्द बोलतो, इंग्रजी जमेल तेवढं. मी म्हटलं, असे नंबर देत नाहीत ते.

"बरं, मग मेल दाखव. त्यातला पत्ता उतरवून घेतो."

"डिलीट झाला, बाबा. चुकून."

ते माझ्याकडे बघत राहिले. जंगलात चौतीस वर्षं ज्यांनी लोकांच्या पिशव्या उघडायच्या आधी चेहरे वाचले होते, त्यांच्यासमोर मी उभी होते. कोट अजून अंगातच होता.

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साकेतला तिकीट अलीकडचं करून द्यायला सांगितलं. अजून दोन महिने व्हिसा होता. साकेतनं का म्हणून विचारलं नाही. हीथ्रोवर त्यांनी अन्वीला जवळ घेतलं, तिच्या वहीत त्यांनी काढून दिलेली प्राण्यांच्या पावलांच्या ठशांची चित्रं सांभाळून ठेव म्हणाले. साकेत पाया पडला, तेव्हा त्याच्या डोक्यावर हातही ठेवला. दुर्बीण मात्र आमच्या घरी राहिली. विसरली असेल म्हणून मी फोन केला, तर ती आता अन्वीची, असं म्हणाले.

आमचा अर्ज मार्चमध्ये मंजूर झाला. टाउन हॉलमध्ये समारंभ झाला, फोटो काढले, ते मी बाबांना पाठवले. त्यांनी अंगठा पाठवला.

आता ते दर रविवारी फोन करतात. अन्वीशी अर्धा तास बोलतात. तिचं मराठी सुधारतात, तळ्यावर कुठले पक्षी आले ते विचारतात. मग ती फोन माझ्याकडे देते. मला ते अगदी व्यवस्थित विचारतात, "कशा आहात तुम्ही? तब्येत बरी ना?" लग्न होऊन चौदा वर्षं झाली. आजवर त्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी बरी आहे म्हणते. ते "बरं, ठेवतो मग" म्हणतात आणि ठेवतात.