डावा खांदा

शाळेच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर खाट, खाटेवर चादरीखाली झोपलेले स्वप्नदादा आणि त्यांच्या तोंडाशी माईक. दादांचा दावा असा की झोपेतच जागं व्हायचं, स्वप्नाचा लगाम हाती घ्यायचा आणि गेलेल्या माणसांना भेटून यायचं. चादरीबाहेर तर्जनी वर झाली की दादा ‘आत’ पोचले, असं समजायचं. तर्जनी वर झाली आणि तीनशे माणसांनी श्वास रोखला. गाढ झोपेतला माणूस खोकला आल्यावर माईक बाजूला कसा सारतो, हे कुणी विचारलं नाही.

पहिल्या रांगेत शिंपीमास्तर बसले होते. दादांचे पायघोळ झगे तेच शिवत, म्हणून ही मानाची खुर्ची. शेजारी त्यांची थोरली बहीण होती. तिचा नवरा जाऊन चार महिने झाले होते.

“पुन्हा भेटले,” दादा झोपाळू आवाजात म्हणाले. “ताई, तुमचेच यजमान. आज अगदी स्पष्ट दिसतायत. उंच आहेत. करडा कोट आहे. डावा खांदा उतरलाय. म्हणतात, माझी काळजी करू नको.”

बहिणीने डोळ्यांना रुमाल लावला. मग हळूच म्हणाली, “पण ह्यांचा उजवा खांदा उतरला होता.”

“ताई, स्वप्न म्हणजे आरसा,” दादा डोळे न उघडता म्हणाले. “आरशात उजव्याचं डावं होतं.” लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मास्तरांनी मात्र टाळी वाजवली नाही. भाऊजींचा डावा खांदा जगात एकाच ठिकाणी उतरलेला होता, मास्तरांच्या मापाच्या वहीत. माप घेताना समोर उभं राहून बघितलं, खांदा आपल्या डाव्या हाताला दिसला, म्हणून त्यांनी ‘डावा’ लिहिलं. कोट बिघडला. तो त्यांनी गुपचूप उसवून नीट केला, वही मात्र तशीच राहिली. लाजेपायी ही चूक त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

दादा झग्याच्या निमित्ताने दुकानात तासन् तास बसत. “मास्तर, माप म्हणजे माणसाचा आत्मा,” असं म्हणत वही चाळत. मास्तर फुशारून जाऊन एकेका पानाची कहाणी सांगत. तीच पुढच्या रविवारी खाटेवरून ऐकू येई. पहिल्यांदा मास्तर चपापले. दुसऱ्यांदा त्यांनी योगायोग म्हणून सोडून दिलं. तिसऱ्यांदा त्यांना सगळं कळलं होतं, पण मानाची खुर्ची सोडवत नव्हती.

त्याच दुपारी भाची दुकानात आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

“मामा, आई सभेहून आली आणि ओट्याजवळ कोसळली. आता शुद्धीवर आहे. तीन आठवडे रक्तदाबाची गोळी बंद आहे तिची. दादा म्हणतात, गोळ्यांनी स्वप्नं मरतात. डॉक्टरांनी बजावलंय, तरी ऐकत नाही.”

“स्वप्नात जागं होणं हे सगळं थोतांडच ना गं?”

“नाही, स्वप्नात जागं होणं तेवढं खरं आहे. हे स्वप्न आहे, असं काहींना स्वप्नातच कळतं. झोपलेल्या माणसांनी आधी ठरवलेल्या खुणेनं डोळे हलवून ते दाखवलंय, यंत्रांवर नोंदी आहेत. पण तिथे भेटतं ते आपल्याच मनातलं. दादांनी बाबांना कधी पाहिलंही नव्हतं. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार.”

“मी सांगितलं,” मास्तर म्हणाले.

वही काखोटीला मारून ते तसेच बहिणीकडे गेले. तिने ते पान वाचलं, अक्षर ओळखलं. मग तिने पाणी मागितलं आणि गोळी घेतली.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“महिना झाला.”

“महिनाभर मी ह्यांचे निरोप ऐकून हसत घरी येत होते. आणि तू माझ्या शेजारी बसला होतास.”

मास्तरांना मान वर करवली नाही. ती फसवणाऱ्याला एका शब्दानेही बोलली नव्हती, हेच त्यांना जास्त लागलं.

पुढच्या रविवारी तर्जनी वर होताच मास्तर उभे राहिले आणि त्यांनी वहीतलं ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. ‘डावा’ ही आपली चूक आहे आणि दादांनी ती दुकानात वही चाळताना उचलली, हेही सांगितलं. दादा खाटेवर ताडकन उठून बसले. इतक्या दिवसांत त्यांना पहिल्यांदाच खरी जाग आली असावी.

“ह्यांना शिव्या नंतर द्या,” मास्तर म्हणाले. “कुणी तुमच्या घरातली गोष्ट सांगितली की आधी विचारा, ही ह्याच्यापर्यंत पोचली कशी? आरसा, आत्मा असली उत्तरं ऐकून घेऊ नका. औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. आणि ज्याला खरं माहीत आहे, त्याने त्याच दिवशी बोलावं. मी बोललो असतो, तर माझी बहीण पडली नसती.”