तळ्यातली दुसरी होडी

चौथ्या महिन्याच्या अष्टमीला नामवाय गावात ड्रॅगन होडी चिखलातून वर काढतात. शर्यती संपल्या की ती गावतळ्याच्या तळाशी पुरून ठेवायची, म्हणजे लाकूड तडकत नाही. कुठे पुरली ते सुकाणूवाल्याला ठाऊक असतं. यंदा सुकाणूवाला होता फुंग याउ-सिंग, वय सहासष्ट. पण बांधाच्या दुरुस्तीत खुणेचे खुंट उपटले गेले होते, म्हणून तो कमरेइतक्या पाण्यात उतरून बांबूनं तळ चाचपत होता.

ढोलकीवाला लाम काठावर पाय सोडून बसला होता. "सिंगकाका, होडी शोधताय की पडलेला दात?"

बांबू खट्कन लाकडावर आदळला, पण भलत्याच जागी, दक्षिणेच्या कोपऱ्यात. माणसांनी चिखल उपसला, पाणी काढलं. होडी निघाली, पण ती त्यांची नव्हती. नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, आतल्या बाजूला कोरलेलं नाव होतं तुंगखाउचं.

नदीपलीकडच्या तुंगखाउची होडी साठ वर्षांपूर्वी नाहीशी झाली होती. नामवायच्या फुंगांनी ती चोरली, असं तिथले माक लोक तेव्हापासून म्हणत. दोन्ही गावांत सणाच्या मिठाईचं जाणं-येणं बंद झालं. त्या वेळी नामवायचा सुकाणूवाला सिंगचा बाप होता. बाप मरेपर्यंत त्यावर एक अक्षर बोलला नव्हता. सिंगनं मात्र त्याच्यासाठी दोनदा मारामारी केली होती.

लाम जवळ आला आणि हळूच म्हणाला, "परत गाडू या. विचारतंय कोण?"

सिंगला त्यात सोय दिसत होती. पण एक गोष्ट त्याला गप्प बसू देईना. नामवायची होडी नेहमी देवळाकडे तोंड करून पुरतात. हिचं तोंड आग्नेयेला होतं. होडीत चिखल एकसारखा दाबून भरला होता, बसायच्या फळ्या काढून घेतलेल्या होत्या. चोरून लपवायचीच तर एवढी निगा कशाला?

दुपारी तो मिठाईची पेटी स्कूटरला बांधून तुंगखाउला गेला. म्हातारे माक चौऱ्याऐंशीचे. त्यांनी पेटीकडे पाहिलंही नाही. सिंगनं होडी सापडल्याचं सांगितलं. वडिलांचं नावही घेतलं. माक काठी घेऊन उठले आणि स्कूटरवर मागे बसले.

तळ्यावर त्यांनी कोरलेल्या नावावरून बोटं फिरवली. मग विचारलं, "तोंड कुठे होतं?"

सिंगनं हात करून दाखवलं. माक त्या दिशेला वळले. नदीपलीकडे तुंगखाउच्या वडाचा शेंडा दिसत होता.

"आम्ही वडाकडे तोंड करून पुरतो. बाहेरच्यांना सांगत नाही. तुझ्या बापाला कसं कळलं?"

"मलाही तेच कळेना, माककाका."

होडी नाहीशी झाली त्या वर्षी बाहेरची माणसं येऊन जुन्या होड्या करवतीनं कापत होती, देवळांत ठेवलेली, होड्यांना लावायची ड्रॅगनची लाकडी मुंडकी जाळत होती. हे दोघांनाही माहीत होतं. माक हिशेब लावत होते. एवढी होडी नदी ओलांडून आणायला वीसेक माणसं तरी लागली असणार.

"आमच्यातलं कोणीतरी बरोबर होतं," ते म्हणाले. "आणि होडी वाचावी म्हणून ते आमच्यासमोर तुम्हाला चोर म्हणत राहिलं." त्यांना हसू आलं, पण ते पुरतं हसले नाहीत. "फळ्या कुठे आहेत?"

सिंग सांगणार होता की ठाऊक नाही. तेवढ्यात त्याला घरचा माळा आठवला. सणाच्या भाताच्या पुड्यांसाठी बांबूची पानं तिथे वाळत ठेवायचे. पानांखाली एका मापाच्या फळ्यांची चवड होती. दोन हिवाळ्यांत घरात जळण नव्हतं, तरी आईनं त्यातली एकही चुलीत घालू दिली नव्हती. कशाला ठेवल्यात, असं त्यानं कधी विचारलं नव्हतं.

लामनं सिंगच्या माळ्यावरून एक फळी तळ्यावर आणली. सिंगनं ती होडीच्या पहिल्या खाचेत बसवली. लाकूड आक्रसलं होतं, फळी थोडी ढिली बसली. पण खाच तीच होती.

माकांनी फळीवर हात दाबून पाहिला आणि तिच्यावर बसले. "मिठाई दे इकडे," ते म्हणाले.